भिंतीकडे तोंड

“तोंड फिरवा,” चेअरमन अर्जुनराव म्हणाले, आणि ऑफिसातले तिघे भिंतीकडे वळले.

पाणीपुरवठा संस्थेची ही जुनी रीत होती. तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक चेअरमनकडे, एक ऑफिसात. एकट्या किल्लीनं तिजोरी उघडत नसे आणि चेअरमन आपली किल्ली फिरवत असताना बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी बघायचं नाही. जाहेदा अठरा वर्षं इथं क्लार्क होती. समोरच्या भिंतीवरचा चुन्याचा एकेक पोपडा तिला पाठ होता.

आज मात्र तिजोरी बंद होती. अर्जुनराव जाहेदाच्या खुर्चीत, तिच्या लॅपटॉपसमोर बसले होते. टेबलावरच्या फोनमधून पुण्याचा इंजिनिअर उत्तरेश्वर सांगत होता, “काका, आता तुमचा शब्द टाका. कुणाला सांगू नका.”

तिच्या मागं एक कळ वाजली. बऱ्याच वेळानं दुसरी. अर्जुनराव एका बोटानं टाइप करत होते. तिला मोजायचं नव्हतं. पण तिचे वडील जलालुद्दीन हे संस्थेचे पहिले मेकॅनिक. मोटरच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ठोका कुठं चुकतो ते ऐकायचं, हे त्यांनी तिला लहानपणीच शिकवलं होतं. तेव्हापासून कान आपोआप मोजत. पहिल्या तीन कळा, मग जरा लांबून वाजलेल्या पाच. आठ. मग शांतता. “उमटंना की काही,” अर्जुनराव पुटपुटले. पुन्हा तीन, पुन्हा पाच. मग मोठी कळ, एंटरची.

“परत मागतंय.”

“परत तेच टाका, काका. जसंच्या तसं.”

सगळं पुन्हा तसंच वाजलं. मग उत्तरेश्वर म्हणाला, झालं, आता वळा.

हे सगळं जाहेदानंच मागून घेतलं होतं.

धरणावरचा पंप शिरूर कासारच्या या ऑफिसपासून बावीस किलोमीटर लांब होता. वाटेत पाइपलाइनवर तीन व्हॉल्व्ह. पूर्वी पंपावर एक माणूस राही. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं पुण्यातल्या एका सर्व्हरवर जागा घेतली; आता ऑफिसातून त्या सर्व्हरला जोडून घ्यायचं, तिथून हुकूम द्यायचा, की आधी व्हॉल्व्ह क्रमानं उघडत आणि मग पंप चालू होई. सर्व्हरला जोडायचा पासवर्ड एकच होता. तो मार्करनं कपाटाच्या दारावर लिहिलेला होता, आणि तो संचालकांना, त्यांच्या भाच्यांना आणि समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक होता. कुणी त्यात काही गैर मानलं नव्हतं. संस्था सगळ्यांची, तर पासवर्डही सगळ्यांचा.

मार्चमध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, एका दुपारी कुणीतरी पंप चालू केला. पाणी टाकीत आलंच नाही. वाटेतल्या एका मोसंबीच्या बागेत गेलं. सर्व्हरच्या नोंदीत वेळ होती, तारीख होती, आणि नाव होतं फक्त ‘संस्था’. बैठकीत उपाध्यक्ष सुंदरराव कुणाकडेही न बघता म्हणाले होते, “कॉम्प्युटर कुनाच्या हातात असतो, ते सगळ्यांला म्हाईत हाय.”

त्यानंतर तीन दिवस जाहेदाला जेवण गेलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं उत्तरेश्वरला फोन केला. तो मूळचा धारूरचा. फोनवर ताई म्हणे. कोण आत शिरलं हे पक्कं कळेल असं काही करता येतं का, असं तिनं विचारलं. त्यानं समजावलं : पासवर्ड बंद करायचा. लॅपटॉपवर दोन फायली तयार करायच्या. एक सर्व्हरवर ठेवायची. ती म्हणजे कुलूप. दुसरी लॅपटॉपवरच राहते, ती किल्ली. कुलपाकडे कितीही बघितलं तरी त्यावरून किल्ली बनवता येत नाही. आणि किल्लीलाही वरून एक शब्द लावता येतो. तो टाकल्याशिवाय ती चालत नाही.

“म्हंजी किल्ली एकाकडं अन् शब्द दुसऱ्याकडं, असं जमंल?” तिनं विचारलं होतं.

“जमतं की. पन असं कुनी मागत न्हाई, ताई.”

तिनं मागितलं. किल्ली तिच्या लॅपटॉपवर आणि शब्द अर्जुनरावांकडे. मग पुन्हा काही झालं, तर कुणीही म्हणू शकणार नाही की जाहेदानं एकटीनं केलं. ती एकटी ते करूच शकणार नव्हती. बैठकीत तिजोरीचा दाखला दिल्यावर सगळ्यांना लगेच पटलं.

शब्द टाकला त्या दिवशी उत्तरेश्वरनं पडद्यावरची जुनी, पासवर्डची खिडकी उघडीच ठेवायला लावली. नवी वाट उघडते का ते आधी बघा, मगच जुनी बंद करा, नाहीतर घरात किल्ली ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होईल, म्हणाला. नवी वाट उघडली. जाहेदानं पासवर्ड बंद केला आणि मेकॅनिक नबीनं कपाटाचं दार रॉकेलनं पुसून काढलं. चोरी नको म्हणून व्हॉल्व्हची लोखंडी चाकंही काढून ऑफिसात आणली गेली.

बारा दिवस सुरळीत गेले. सकाळी सहाला अर्जुनराव येत. आवारात चौथऱ्यावर संस्थेची पहिली मोटर ठेवलेली होती. तिच्यापुढं वाकून नमस्कार करत, आत येत. सगळे भिंतीकडे वळत. शब्द टाकला, की लॅपटॉप बंद होईपर्यंत पुन्हा विचारत नसे. म्हाताऱ्याची मोटरीवर काय श्रद्धा आहे, असं लोक बोलू लागले.

तेराव्या दिवशी, मे महिन्यात, अर्जुनराव सकाळची कामं उरकून चारा छावणी बघायला गेले आणि साडेनऊच्या सुमाराला गव्हाणीशेजारी कोसळले. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जीपमधून त्यांना बीडला नेलं. अकराला वीज गेली. इन्व्हर्टरनं वीस मिनिटं दम धरला. लॅपटॉपची बॅटरी फुगली म्हणून महिन्यापूर्वीच काढून टाकली होती. पडदा एकदम काळा झाला.

वीज आली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. जाहेदानं लॅपटॉप चालू केला, सर्व्हरला जोडायला गेली. पडद्यावर एक ओळ आली आणि तिच्यापुढं पांढरा चौकोन लुकलुकत राहिला. तो शब्द मागत होता.

तिच्या तळहातांना घाम सुटला. एवढ्या कोरड्या हवेत घाम टिकत नाही. तो सुटत होता आणि वाळत होता.

छावणीत अकराशे चाळीस जनावरं होती. चारच्या पाण्याला एकेकाला वीस लिटर धरलं तरी जवळपास तेवीस हजार लिटर लागणार होतं. नबीनं टाकीत बांबू घालून बघितला. जेमतेम नऊ हजार असेल. छावणीतल्या थर्मामीटरवर त्रेचाळीस.

नबी जाहेदाच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. व्हॉल्व्हची तिन्ही चाकं मोटरसायकलला बांधून तो निघाला. हातानं उघडत जातो, म्हणाला. पण मधला व्हॉल्व्ह जाम आहे, आणि तो पुरता उघडायच्या आत पंप तिथूनच डायरेक्ट चालू केला तर घाटातले जुने जोड फुटतील. एप्रिलमध्ये तसे फुटले होते, आणि चार दिवस कुणाला पाणी नव्हतं. नीट करायचं तर उद्या दुपार उजाडेल. जाताना तो तिच्याकडे न बघता एवढंच बोलला, की आपा, आज अब्बा पाहिजे होते.

तिनं उत्तरेश्वरला फोन लावला. सर्व्हरवाल्या कंपनीकडून मार्ग आहे, तो म्हणाला, पण चेअरमनच्या सहीचं पत्र लागेल, वर दोन दिवस.

“आन् समजा कुनी शब्द अंदाजानं टाकला, तर?”

“टाकू द्या की. किल्ली तुमच्याच लॅपटॉपवर हाय, ताई. हजारदा चुका, काही बिघडत न्हाई. उघडायची न्हाई, एवढंच.”

मग तिनं अर्जुनरावांच्या पत्नीला, वत्सलाबाईंना फोन केला. त्या रडत नव्हत्या. फार हळू बोलत होत्या. शुद्धीवर आहेत, पण जीभ उचलत नाही, डाव्या हातानं सारखी हवेत रेघ ओढतात, काय मागतात समजत नाही. जाहेदानं शब्दाचं काही विचारलं नाही. विचारवेना.

फोन ठेवला आणि खिडकीतून तिची नजर मोटरीवर गेली.

चौथऱ्यावर ऊन पडलं होतं. मोटरीच्या पोटावरची पितळी पट्टी चमकत होती. वडील दर सोमवारी ती चिंचेनं घासत आणि जाहेदा तिच्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचे. इंग्रजी अक्षरं ती शाळेच्या आधी तिथंच शिकली. के, एल, एच. मग आकडे. चार, शून्य, सात, दोन, सहा.

तीन आणि पाच.

ती उठली नाही. तिला आठवत होते ते रोज सकाळी वाकणारे अर्जुनराव. डावा हात मोटरीवर, आणि उजव्या हातानं खिशातून काढून डोळ्यांवर चढवलेला चष्मा. बारा दिवस तिनं ते खिडकीतून बघितलं होतं. नमस्कार करायला चष्मा कशाला लागतो, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. अर्जुनराव सातवीपर्यंत शिकलेले, मराठी शाळेत. इंग्रजी अक्षरांचं त्यांना दुसरं काय पाठ असणार? आणि तेही पाठ नव्हतं. रोज बघून यावं लागत होतं.

आतापर्यंत तिला भीती वाटत होती ती उघडणार नाही याची. आता वाटू लागली ती उघडेल याची.

उघडलं, तर दोन्ही गोष्टी तिच्या एकटीच्या हातात. आज, आत्ता, मोटरीकडे बघून कळलं, हे कोण खरं मानणार? पाठ फिरवून उभी होती, पण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असंच म्हणतील. मग मार्चमधली मोसंबीची बागही तिच्याच नावावर जाईल. तिनं मनगटावर बोटं ठेवली. नाडी इतकी जलद होती की मोजताना आकडा हुकला.

न सांगणं सोपं होतं. शब्द चेअरमनकडे आहे, चेअरमन दवाखान्यात आहेत. तिच्याकडे कोण बोट दाखवणार होतं? सगळं रीतीप्रमाणेच होतं. ती रीत तर तिनंच आणली होती.

अडीच वाजता छावणीतून बायनाबाई आली. दोन गाया आणि एक कालवड घेऊन ती तीन महिने छावणीत राहत होती. रिकामी बादली तिनं दारात ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली. टाकीखालचा नळ गाळ सोडतोय, म्हणाली. मोठी जनावरं अजून उभी आहेत. वासरं बसलीत, उठवली तरी उठत नाहीत. तिनं काही मागितलं नाही.

जाहेदानं सुंदररावांना फोन करून बोलावून घेतलं.

ते आले ते कपाळाला आठ्या घालूनच. “बाई, कावून बंद हाय अजून मोटर?”

तिनं उभं राहून सांगितलं. अर्जुनकाकांचा शब्द मला ओळखता येईल असं वाटतं. अजून टाकून बघितलेला नाही. तुमच्यासमोर टाकते.

सुंदररावांनी तिच्यावरून नजर लॅपटॉपकडे नेली.

“म्हंजी तुमाला म्हाईत हुतं.”

“न्हवतं. आज ध्यानात आलं.”

“आजच कसं आलं?”

तिनं मोटरीचं, चष्म्याचं सांगितलं. कळांच्या आवाजाचंही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, आणि सांगताना तिला दिसत होतं, की ऐकणाऱ्याला तेवढंच लक्षात राहणार आहे.

“म्हंजी आमी समदे भिंतीकडं बघायलो, आन् तुमी कान लावून मोजायल्या,” सुंदरराव म्हणाले.

बायनाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, “तिला कवा म्हाईत झालं ते मागून बघा की, दादा. माजं वासरू तवर थांबतंय व्हय?”

सुंदररावांनी टेबलावरचा कोरा कागद जाहेदापुढं सरकवला. “लिवून द्या. चेअरमनच्या माघारी त्यांचा शब्द मी लावला. सही, तारीख, टाइम.”

“अजून उघडलं न्हाई, भाऊ.”

“उघडल्यावर कोन लिवतं?”

तिनं लिहिलं. अठरा वर्षांत तिनं संस्थेसाठी हजारो कागद लिहिले होते. अक्षर कधी हललं नव्हतं. या कागदावर ‘जाहेदा’मधला ‘दा’ ओळीच्या खाली घसरला. वेळ घातली, तीन वाजून दहा मिनिटं. सुंदररावांनी कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि ते तिच्या खुर्चीमागं, अगदी जवळ, पडद्याकडे तोंड करून उभे राहिले.

पट्टीवर अक्षरं मोठी होती, म्हणून तिनं मोठी अक्षरं टाकली आणि मग आकडे. नाही. पडद्यानं पुन्हा शब्द मागितला.

मोठं अक्षर काढायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात, हे एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाला कुठून माहीत असणार? तिनं लहान अक्षरं टाकली. नाही.

मागं सुंदररावांचा श्वास ऐकू येत होता. खिशातला कागद करकरला. म्हणजे उघडणारही नाही आणि कागदही राहणार.

तिनं डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड करून उभी असल्यासारखं ऐकलं. तीन, पाच. शांतता. उमटंना की काही. तीन, पाच. मोठी कळ.

शब्द टाकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. अर्जुनरावांना वाटलं, पहिल्यांदा टाकलेलं उमटलंच नाही. म्हणून त्यांनी पुन्हा टाकलं आणि मग मोठी कळ दाबली. परत मागितल्यावर, जसंच्या तसं सांगितलं म्हणून, तेही तसंच दोनदा. आणि पुढं बारा दिवस, रोज. तिनं रोज ऐकलं होतं. त्यांचा शब्द तोच होता, एकापुढं एक दोन वेळा.

तिनं सोळा कळा दाबल्या. मोठी कळ दाबली.

सर्व्हर उघडला.

तिनं पहिल्या व्हॉल्व्हचा हुकूम दिला आणि उघडल्याची खूण येईपर्यंत थांबली. आधी नबीला फोन करून चाकांना हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. दुसरा. हा जाम होता. चार मिनिटं खूण आली नाही, मग आली. तिसरा. मग पंप. दाबाचा आकडा शून्यावरून हलला, एक, दीड, सव्वादोन. चारला दहा कमी असताना टाकीत पाणी पडल्याचा आवाज छावणीतून कुणीतरी फोनवर ऐकवला. बायनाबाई बादली घेऊन केव्हा उठून गेली, तिला कळलं नाही.

जाहेदा खुर्चीतून उठली आणि पुन्हा बसली.

त्याच संध्याकाळी नबीनं लॅपटॉपला नवी बॅटरी बसवली आणि पुढचे दोन दिवस तिनं तो बंद केला नाही. घरी जाताना सुंदररावांकडे सोपवायची आणि सकाळी त्यांच्याकडून परत घ्यायची. बैठक सोमवारी ठरली होती. विषयपत्रिका तिनंच टाइप केली. त्यात चौथा विषय तिचा होता. कागद सुंदररावांच्या खिशातच होता. शर्ट बदलला तरी कागद नव्या खिशात आलेला दिसे.

रविवारी ती त्यांच्याबरोबर बीडला दवाखान्यात गेली. शब्द बदलणं भाग होतं. आता तो तिला माहीत होता, आणि त्या दिवशी मागं उभ्या असलेल्या सुंदररावांनाही. अर्जुनरावांनी स्वतःच्या हातानं नवा शब्द टाकला, की सगळं पुन्हा जागेवर येणार होतं. जीपमध्ये ती एवढ्या एका विचाराला धरून बसली होती.

अर्जुनराव उशाला टेकून बसले होते. उजवा हात चादरीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला. वत्सलाबाईंनी त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसली. जाहेदानं सांगितलं, “काका, पानी पोचलं.” त्यांचा चेहरा अर्धाच हलला. मग तिनं मोटरीचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, ते शब्द दोनदा टाकत होते तेही सांगितलं. त्यांच्या घशातून एक आवाज आला. वत्सलाबाई घाबरून पुढं झाल्या. हसत होते ते.

तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि जुना शब्द टाकला. पडदा नवा शब्द मागू लागला. ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुंदरराव आणि वत्सलाबाईही वळले.

एक कळ वाजली. नंतर बराच वेळ काही नाही. मग दोन-तीन कळा एकदम, बोट घसरल्यासारख्या. मग काहीच नाही. आवारात कुठंतरी स्ट्रेचरची चाकं वाजत गेली.

“काका?” ती भिंतीकडे बघतच म्हणाली.

लॅपटॉपची कड तिच्या पाठीला लागली. अर्जुनराव तो डाव्या हातानं तिच्याकडे ढकलत होते. तिनं घाईनं वळून तो धरला, पुन्हा त्यांच्या मांडीवर ठेवू लागली. त्यांनी मान हलवली, एकदा. मग डावा हात पलंगाच्या कडेला रोवून, सगळं अंग ओढत, मध्येच थांबून दम घेत, ते कुशीवर वळले. भिंतीकडे तोंड केलं.

जाहेदा लॅपटॉप हातात घेऊन उभी राहिली. पडद्यावरचा चौकोन लुकलुकत होता.

सुंदरराव आवाज झाला म्हणून वळून बघत होते. त्यांनी अर्जुनरावांच्या पाठीकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मग तेही सावकाश भिंतीकडे वळले. त्यांच्यामागून वत्सलाबाई.

तीन पाठी तिच्यासमोर होत्या. ती स्टुलावर बसली, लॅपटॉप गुडघ्यांवर घेतला. पहिली कळ दाबली, तेव्हा तिला कळलं की ती केवढ्यानं वाजते.

खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.